गरिबाचा हिशेब कोणाच्या वहींत?

(पाथर्डी तालुक्यांतील एका गांवीं, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघण्यापूर्वीं भरलेल्या सभेंत, तेथील प्राथमिक शाळेच्या एका शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



मला येथें दोन शब्द बोलावयास सांगितलें आहे. मी कोणी पंडित नव्हे. बारावीनंतर अध्यापक विद्यालयांत मराठींतून दोन वर्षें शिकलों आणि तेव्हांपासून पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आलों. तेव्हां आज बोलणार तेंहि पाढ्यांविषयींच. फरक इतकाच कीं हे पाढे पोरांचे नाहींत, तुमच्या घरचे आहेत. दसरा झाला. आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक्टर दाराशीं येतील, भांडींकुंडीं चढतील, आणि अर्धें गांव कारखान्यांवर जाईल. त्याच्या आधीं हें बोलणें झालें पाहिजे. मागाहून बोलून उपयोग नाहीं.

गरिबी कशी असते हें मास्तरानें तुम्हांला सांगावें, इतका मी मूर्ख नाहीं. पण ती किती आहे, कोठून आली, आणि पैसा कोणत्या भोंकांतून गळतो, असें विचारलें तर आपण काय सांगतों? "चाललंय कसंतरी." फार झालें तर, "नशिबाचा भोग." अहो, बैल लंगडूं लागला तर आपण त्याचा खूर उचलून पाहतों, खडा आहे कीं जखम आहे तें शोधतों. बैलाला जें करतों तें स्वतःच्या घराला करीत नाहीं. आणि आपण पाहत नाहीं म्हणून दुसरे पाहतात, लिहून ठेवतात, आणि त्यांनीं लिहिलें तें आपल्यावर चालतें.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यांत आहे. १८७५ सालीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत तो वणवा आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. त्या दंग्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी होती. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढ म्हणत. निमूटपणें दिले तर बहुधा त्याच्या अंगाला हात लावीत नसत. कागदांची मात्र होळी करीत. अडाणी म्हणून ज्यांना हिणविलें त्या माणसांना एवढें पक्कें कळलें होतें कीं आपल्या गळ्यांतला फांस दोराचा नाहीं, कागदाचा आहे.

मग सरकारनें कमिशन नेमलें आणि प्रथमच कोणी तरी मोजदाद केली. तपासाला घेतलेल्या गांवांत सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत रुतलेले निघाले. त्यांचें कर्ज सरासरीनें सरकारी साऱ्याच्या अठरापट होतें, आणि त्यांतलें जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होतें. तोंवर मोठे लोक काय म्हणत आले होते? कुणबी लग्नांत पैसा उधळतो, म्हणून कर्जांत बुडतो! या कारणाला वाजवीपेक्षां जास्त महत्त्व दिलें जातें, असें त्या कमिशनलाच लिहावें लागलें. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर बसलेला एक ठपका चार आंकड्यांनीं सैल केला. मात्र तो अजून पुरता गेलेला नाहीं. आजहि कोणी शहाणा येतो आणि म्हणतो, "हे लोक दारू पितात, म्हणून गरीब." दारू वाईटच, तिची बाजू मी घेत नाहीं. पण हिशेब न पाहतां निकाल देणाऱ्याची बाजूहि मी घेणार नाहीं.

पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं झाला. सावकारानें पैशाची पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, कुळाला पासबुक द्यावें, असें त्यांत लिहिलें. न्यायाधिशानें नुसता रोखा न पाहतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, असेंहि लिहिलें. कायदा कागदावर चांगला होता. पण पासबुक हातांत आलें तरी वाचणार कोण? आणि सावकार तर कायद्यापेक्षां चपळ. त्यांनीं गहाणाऐवजीं सरळ खरेदीखतेंच लिहून घ्यावयास सुरुवात केली. अंगठा उठला, जमीन गेली.

असो. तो सावकार गेला. पण वही गेली काय? ती आतां मुकादमाच्या खिशांत आहे. येथें मुकादम मंडळीहि बसली आहेत. त्यांनीं राग मानूं नये. तेहि आपल्याच भावकींतले, कोणी आपले चुलते, कोणी मेहुणे. त्यांनाहि वर कारखान्याला तोंड द्यावें लागतें, आणि कोणी उचल घेऊन पळाला तर ती त्यांच्या बोकांडीं बसते. म्हणूनच म्हणतों, दोन वह्या असल्या तर त्यांचेंहि भलें आहे. एकाच वहीवर चाललेल्या व्यवहारांत भांडण ठरलेलेंच.

आतां गणित करूं. फळा नाहीं, तोंडीं करूं. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली, हें तुम्हांला ठाऊक आहे. उदाहरणासाठीं टनाला ३६६ रुपये धरूं. एक कोयता, म्हणजे नवरा आणि बायको, दिवसाला दीड टन तोडतो असें धरूं. झाले ५४९ रुपये. दोघांत वांटले तर माणशीं पावणेतीनशेंच्या आंतच. पहांटे निघून रात्रीं मोळ्या भरेपर्यंतची ही मजुरी. असे १२० दिवस काम झालें तर ६५,८८० रुपये. उचल समजा एक लाख घेतली होती. बाकी फिरली ३४,१२०. ही बाकी पुढल्या सालच्या उचलींत मिळते, आणि पुढल्या सालीं आपण त्याच टोळींत जातों, कारण जावेंच लागतें. शिवाय आजारपणाचे खाडे, त्यांचा दंड आणि किराणा वेगळाच. वाढे विकून मीठमिरची निघते, तें सोडून देऊं.

आतां पुढचा भाग नीट ऐका. त्याच कोयत्यानें दिवसाला दीडऐवजीं दोन टन तोडले असतील तर? अर्ध्या टनाचे दिवसाला १८३ रुपये, आणि १२० दिवसांचे २१,९६० रुपये. तुमच्यापैकीं किती जणांना सांगतां येईल कीं गेल्या हंगामांत आपण दीड टनाच्या हिशेबानें तोडलें कीं दोन टनांच्या? वजन कांट्यावर होतें, पावती कांट्यावर निघते, टोळीच्या नांवावर चढते, आणि तुमच्या वांट्याला येतें तें मुकादमाच्या तोंडचें वाक्य, "यंदा फिरली बाबा बाकी." तो खोटें बोलतो असें मी म्हणत नाहीं. तो खरें बोलतो हें तरी तुम्हांला कोठें ठाऊक आहे?

त्यांतून एक शब्द मला फार खुपतो, तो 'कोयता'. माणूस मोजावयाचा तो हत्यारानें! नवरा-बायको मिळून एक, आणि एकटा असेल तर अर्धा. मोळी बांधणारी, डोक्यावर वाहणारी, गाडींत चढविणारी, वर चूल पेटविणारी ती बाई वहींत कोठेंच नाहीं. उचल नवऱ्याच्या नांवानें, हिशेब नवऱ्याच्या नांवानें. दंड मात्र ती आजारी पडली तरी बसतो. वहींत जिचें नांव नाहीं तिचें दुखणेंहि कोठें लिहिलें जात नाहीं.

तें लिहिलें गेलें तेव्हां काय झालें पहा. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें काढलीं जातात, ही कुजबुज वर्षानुवर्षें होती. सर्वांना ठाऊक, पण कोणीच बोलत नसे. २०१९ सालीं गवगवा झाल्यावर राज्य सरकारनें समिति नेमली, आणि ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे सुमारें दर सहांत एक. आंकडा छापून आला, आणि विधिमंडळांत चर्चा, नियम, तपासण्याहि झाल्या. भगिनींनो, जी गोष्ट माजघरांत रडून सांगितली जात होती ती मोजल्यावर सरकारला ऐकूं आली. आपल्या तालुक्यांत तशी मोजणी कोणी करावी? बीडची वेस येथून किती दूर आहे?

कोणी म्हणेल, मास्तर, सरकार तर सारखें मोजीतच असतें, त्यानें काय झालें? हा प्रश्न बरोबर आहे. पिंवळी, केशरी आणि पांढरी शिधापत्रिका १९९९ सालीं आली. पिंवळीसाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आंत पाहिजे होतें. ज्यानें उत्पन्नाचा दाखला मिळविला तो गरीब, आणि ज्याला तलाठ्याची गांठ पडली नाहीं तो श्रीमंत, असा प्रकार गांवोगांव झाला. पुढें २००२ सालीं दारिद्र्यरेषेची पाहणी झाली. तेव्हां मी नवाच नोकरीला लागलों होतों. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. घर कसें, जमीन किती, अंगावरचे कपडे किती, कर्ज कोणाचें, पोटासाठीं परगांवीं जातां काय, सर्व त्यांत होतें. ही परीक्षा आमच्या शाळेच्या उलट. ज्याला गुण कमी तो वर. प्रश्न वाईट नव्हते. पण उत्तरें ओट्यावर बसून भरलीं गेलीं तेथें काय व्हावयाचें तें झालें. आमच्याकडे एका म्हाताऱ्या विधवेच्या नांवापुढें पक्कें घर लागलें, कारण ज्याच्या पडवींत ती राहत होती त्या पुतण्याचें घर पक्कें होतें. यादी लागली तेव्हां ती वाचावयाला कोणी गेलें नाहीं. एकदां पक्कें लागलें म्हणजे तें शाईचें घर विटांच्या घराहून मजबूत. मग कितीहि हलवा, पडत नाहीं.

म्हणून मोजणीला नांवें ठेवून चालणार नाहीं. कोण मोजतो, कोठें बसून मोजतो आणि मोजलेलें कोणासमोर वाचतो, यावर सर्व आहे. पुण्याजवळ पिंपळें सौदागर म्हणून गांव होतें; आतां तेथें पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती उभ्या आहेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह त्या गांवाचा घरोघर हिशेब केला आणि १९१७ सालीं छापला. १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर नीट भागत होतें तीं आठ. बाहेरची मजुरी धरून भागत होतें तीं अठ्ठावीस. उरलेलीं ६७ कुटुंबें कसेंहि केलें तरी तुटीत. १७७१ सालीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें, तें सातांवर आलें होतें. साहेबानें घरोघर हिंडून एवढें केलें ही गोष्ट चांगलीच. पण तें पुस्तक इंग्रजींत. ज्यांचीं ६७ घरें तुटींत होतीं त्यांपैकीं कोणी तें वाचलें असेल?

आतां ज्या गांवानें स्वतःची वही स्वतः लिहिली त्याचें सांगतों. तें येथून फार लांब नाहीं. आपल्या जिल्ह्यांत, नगर तालुक्यांत, हिवरें बाजार. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्यासारखाच. १९७२ च्या दुष्काळानंतर तेंहि गांव ओस पडूं लागलें होतें. लोक मजुरीला बाहेर जात. पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढें आदर्श गांव योजनेंत १९९५ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हां १८२ कुटुंबांपैकीं १६८ दारिद्र्यरेषेखालीं होतीं. समतल चर खणले, बांध घातले, डोंगरावर चराई व कुऱ्हाड बंद केली. हें सर्व तुम्ही ऐकलें आहे, सहली नेऊन पाहिलेंहि आहे. सहलीला जाणारा माणूस बंधाऱ्यापाशीं फोटो काढतो. त्यानें गांवाचा पाण्याचा ताळेबंद पाहावा.

तो ताळेबंद असा. पाऊस किती पडला हें गांव मोजतें. विहिरींची पातळी मोजतें. त्यावरून यंदा गांवाच्या शिवारांत पाणी किती आहे तें काढतात आणि ग्रामसभेंत सर्वांसमोर मांडतात. प्रथम माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी बाजूला. उरलेल्यापैकीं ७० टक्के शेतीला, आणि ३० टक्के जमिनींत पुढच्या सालासाठीं राखून. मग ठरतें कीं यंदा रब्बींत काय पेरावयाचें आणि काय नाहीं. ऊस व केळीं नाहींत, शेतीसाठीं खोल बोअर नाहीं. पाऊस कमी झाला त्या सालीं पेरा कमी होतो, आणि त्याबद्दल भांडण होत नाहीं, कारण आंकडा सर्वांनीं पाहिलेला असतो. श्रीमंतानें मोटर लावून रात्रीं उपसावें आणि गरिबाची विहीर कोरडी पडावी, हा जो आपल्याकडचा रिवाज आहे तो केवळ उपदेशानें मोडत नाहीं. सभेंत वाचलेल्या आंकड्यासमोर त्याला लाज वाटूं लागते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. त्या गांवानें गरिबीची रेषाहि आपली आपण आंखली. दिल्लीची रेषा कशी आली तें थोडक्यांत सांगतों. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं आपला अभ्यास छापला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळण्यासाठीं खेड्यांत १९६०-६१ च्या भावानें महिना १५ रुपये लागतात, आणि खेड्यांतल्या १०० पैकीं ४० माणसांना तेवढेहि मिळत नाहींत, असें त्यांनीं दाखविलें. त्या काळीं तें सांगणें फार धैर्याचें व उपयोगाचें होतें. पण पोट भरलें म्हणजे गरिबी सरली काय? हिवरें बाजारानें विचारलें, याला दोन वेळ जेवण, मुलांचें शिक्षण आणि औषधपाणी स्वतःच्या मिळकतींतून झेपतें काय? झेपत नसेल तर तो आमच्या लेखीं गरीब. ही रेषा सरकारी रेषेहून वर होती. तिच्याखालीं कोण आहे हें नांवानिशीं ठाऊक असल्यानें गांवाला कामहि नांवानिशीं करतां आलें. पुढें त्या रेषेखालीं तीनच कुटुंबें उरलीं. "देशांत इतके टक्के गरीब" या वाक्यानें कोणाच्या घरीं गाय येत नाहीं. अमक्या अक्काकडे गोठा आहे पण गाय नाहीं, असें सभेंत म्हटलें म्हणजे येण्याची वाट तरी निघते.

आपलें गांव हिवरें बाजार नाहीं, आणि मी त्याची नक्कल करा असें म्हणत नाहीं. आपल्याकडे अर्धें गांव सहा महिने घरींच नसतें. ग्रामसभेला कोरम कोठून व्हावा? पण तेंच कारण आहे कीं आपण आधीं लिहून ठेवावें. जनगणनेचेंच पहा. २०११ ची माणसांची गणती ९ ते २८ फेब्रुवारींत झाली. २०२७ च्या जनगणनेची गणनतिथि १ मार्च अशी जाहीर झाली आहे. फेब्रुवारींत तुम्ही कोठें असतां? उसाच्या फडांत, कोपींत. म्हणजे देश आपलीं माणसें मोजतो तेव्हां आपण घरीं नसतों. घराला कुलूप, आणि म्हातारी दाराशीं बसलेली. तुमची नोंद गांवांत होणार, कीं कारखान्याच्या गांवीं, कीं कोठेंच नाहीं? अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यानें राज्याला किती माणसांचें धान्य मिळावें हें २०११ च्या गणतीवरून ठरलें. तेव्हां गणतींतून सुटणें ही लहान गोष्ट नाहीं. २०२७ च्या जनगणनेंत जातीचीहि गणना व्हावयाची आहे. १९३१ नंतर ती पूर्ण अशी झाली नव्हती. त्यांत कोयत्यावाल्यांचीं घरेंच गळलीं तर कोणत्या जातीचे किती लोक उसाच्या फडांत आहेत हें कोणत्या कागदावरून दाखविणार? पोरांचेंहि तेंच. हंगामी वसतिगृह मागावयाचें तर प्रथम विचारतात, मुलें किती मागें राहणार? त्या वेळीं आपण "बरीच आहेत" म्हणून चालत नाहीं.

तेव्हां करावयाचें काय, तें सांगून बसतों. उद्यांपासून चार दिवस संध्याकाळीं शाळा उघडी राहील. मीं वह्या आणून ठेवल्या आहेत, घरटीं एक. पहिल्या पानावर घरांतील प्रत्येकाचें नांव, बाईचें स्वतंत्र. कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या तारखेला निघालों. दुसऱ्या पानावर उचल किती, कधीं घेतली, मागची बाकी किती धरली. त्याखालीं मुकादमानें सही करावी. मुकादम मंडळींना मीं आधींच विचारलें आहे. दोघे हो म्हणाले, बाकीचे हो-नाहीं म्हणत आहेत. पुढचीं पानें रोजच्या खेपांचीं. वजनाच्या पावतीचा फोनवर फोटो काढा आणि रात्रीं आंकडा उतरवा. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्या टोळींत चौथी-पांचवी शिकलेलें कोणी ना कोणी असतेंच. खाडा पडला तर कां पडला तेंहि लिहा. बाळंतपण असेल, ताप असेल, पाऊस असेल, सर्व लिहा. परत आल्यावर १ मेच्या ग्रामसभेंत, आणि तिच्या आधींच्या महिलासभेंत, ज्यांची इच्छा असेल त्यांच्या वह्या वाचूं. कोणावर सक्ति नाहीं.

गांवची एक वेगळी यादी मी ठेवीन: कोणतें घर बाहेर, कोणाची पोरें मागें, कोणत्या म्हाताऱ्याला कोण पाहणार. तिची एक प्रत ग्रामपंचायतींत राहील, म्हणजे गणतीवाला दाराला कुलूप पाहून नुसताच पुढें जाणार नाहीं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीं जें ओळखपत्र मिळावयाचें तें अजून ज्यांचें झालें नाहीं त्यांनीं आधारकार्ड बरोबर आणावें, नवरा-बायको दोघांनींहि.

ज्यांच्या टोळ्या सोमवारीं निघणार त्यांनीं उद्यांच यावें, बाकीच्यांनीं मागाहून. बायांनीं स्वतः यावें, नवऱ्याच्या हातीं निरोप पाठवूं नये. रात्रीं नऊपर्यंत मी बसलेला आहें, आणि लाइट गेली तर बॅटरी आहे.